घरी कृष्णधवल रोल धुणं: आपल्या उन्हाळ्यात, आपल्या पाण्यात

माणदेशी (सांगोला)

नमस्कार मंडळी. फिल्म कॅमेऱ्यांबद्दल इथे अधूनमधून गप्पा होतात, पण रोल घरी धुण्यावर (म्हणजे डेव्हलप करण्यावर) मराठीत सलग असं फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा काढतोय. इंग्रजी पुस्तकं आहेत, व्हिडिओही ढीगभर आहेत. त्या सगळ्यांत पहिल्याच पायरीला एक वाक्य भेटतं: पाणी २० अंश सेल्सिअस घ्या. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी सकाळीच तिशीच्या पुढे असतं, आणि ते पाणीही मोजूनमापून वापरावं लागतं. पुढे वाहत्या नळाखाली अर्धा तास निगेटिव्ह धुवा असं लिहिलेलं वाचलं की इथला माणूस पुस्तक मिटून ठेवतो. माझं म्हणणं असं, की हे काम आपल्याकडे उत्तम होतं. फक्त सुरुवात कॅमेऱ्यापासून न करता पाण्यापासून करायची.

सामान थोडंच लागतं. पॅटरसनची उजेडबंद टाकी, चेंजिंग बॅग (हात घालून अंधारात काम करायची काळी पिशवी), चांगला थर्मामीटर, मोजपात्र आणि दोन-तीन बाटल्या. डार्करूम लागत नाही, प्रिंट काढायचा एन्लार्जरही नाही. पूर्ण अंधार हवा तो फक्त रोल रिळावर चढवून टाकीचं झाकण बसेपर्यंत. त्यानंतर सगळं मोरीत बसून, लख्ख उजेडात.

आता मुख्य मुद्दा. मी बहुतेक वेळा इल्फर्डची एचपी५ प्लस ही आयएसओ ४०० ची फिल्म वापरतो. आयडी-११ हे डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन (कोडॅकचं डी-७६ म्हणजे जवळपास तेच), न पातळ करता वापरलं तर २० अंशाला या फिल्मला ७.५ मिनिटं लागतात. त्यात तेवढंच पाणी घातलं, म्हणजे एकास एक केलं, तर १३ मिनिटं. तापमान अंशाने वाढलं की वेळ साधारण दहा टक्क्यांनी कमी करायचा, हा ढोबळ हिशेब. २६ अंशाला ७.५ मिनिटांची जेमतेम ४ होतात आणि १३ ची ७. पाच मिनिटांच्या खाली आलं की डेव्हलपर ओतायला आणि काढायला जाणारे सेकंदही महागात पडतात, आकाशासारख्या सपाट भागात डाग-पट्टे उमटतात. म्हणून उन्हाळ्यात मी कायम एकास एक. पाण्याशी भांडण्यापेक्षा वेळ जुळवून घेतलेला बरा. २४ ते २६ अंश मला पुरतात, २० चा हट्ट मी धरत नाही.

मात्र पातळ करताना एक बघा. एका ३६ फोटोंच्या रोलमागे मूळ द्रावण २४० मिलीच्या आसपास तरी हवं. लहान टाकीत एकूण ३०० मिली मावतं, त्यात मूळ द्रावण १५० मिलीच येतं, ते थोडं कमी पडतं. दोन रिळांची टाकी घेऊन त्यात एकच रोल धुवा, अर्धा लीटर एकास एक भरा, प्रश्न मिटतो.

२६ अंश आणायचे कसे? माठ. आमच्या कोरड्या हवेत रात्रभर खिडकीत ठेवलेल्या माठाचं पाणी छान उतरतं. डेव्हलपर, हायपो (त्यानंतर चित्र पक्कं करणारं द्रावण) आणि धुण्याचं पाणी या सगळ्या बाटल्या एकाच मोठ्या घमेल्यात माठाच्या पाण्यात उभ्या करायच्या आणि तासभर विसरायचं. बर्फ वापरायचा झाला तर पिशवीत बांधून घमेल्यात सोडा, बाटलीत नको. डेव्हलपर २४ वर आणि धुण्याचं पाणी ३४ वर असा प्रकार झाला तर फिल्मवरच्या जिलेटिनच्या थराला सुरकुत्या पडू शकतात, त्या पुन्हा निघत नाहीत. सगळी द्रावणं एकमेकांच्या दोन-तीन अंशांत राहिली पाहिजेत.

आणि शेवटचं पाण्याने धुणं. इल्फर्डनेच सांगितलेली रीत आहे: हायपो काढल्यावर टाकी पाण्याने भरा, पाच वेळा उलटी-सुलटी करा, ओता. पुन्हा भरा, दहा वेळा. पुन्हा भरा, वीस वेळा. झालं. दीड-दोन लीटरमध्ये रोल स्वच्छ निघतो. दुष्काळी भागातल्या माणसासाठी याहून मोठी बातमी नाही.

तुमच्याकडचं पाणी, हवा, अडचणी लिहा. यंदा वारीत फिल्मवर काम करायचं मनात आहे, त्याबद्दलही बोलू.


तिठा (डोंबिवली)

वाचनखूण साठवली. दोन प्रश्न. सिनेमात दाखवतात तसा लाल दिवा लावून रोल चढवता येईल का? आणि चेंजिंग बॅगेत हात घातले की पाच मिनिटांत घामाने निथळतात, फिल्म रिळावर अर्ध्यात अडकते आणि पुढे सरकतच नाही. जाणकारांनी सांगावं.


जुना_स्टुडिओ (कराड)

माणदेशी, छान लिहिलंत. आमचा घरचा स्टुडिओ होता, वडिलांच्या हाताखाली मी हायपोच्या वासातच वाढलो.

तिठा, लाल दिवा फिल्मला चालत नाही. तो कागदाला चालतो, कारण प्रिंटच्या कागदाला लाल रंग दिसत नाही. आजच्या बहुतेक कृष्णधवल फिल्म्स पॅनक्रोमॅटिक असतात, म्हणजे लाल धरून सगळे रंग त्यांना दिसतात. पूर्वीच्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेट आणि फिल्म लाल उजेडात, डोळ्यांनी बघत बघत धुवायचे, त्यावरून हा समज राहिला आहे. तुम्ही ठार काळोखच करा.

माणदेशींना एक सुचवतो. उन्हाळ्यात आम्ही हायपोमध्ये तुरटी घालायचो, पोटॅश अ‍ॅलम. उष्ण पाण्यात जिलेटिन फुगून मऊ पडतं, नख लागलं तरी निघून येतं. तुरटीने ते कडक होतं. मात्र साध्या हायपोत नुसती तुरटी टाकून भागत नाही, बरोबर सल्फाइट आणि अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लागतं, नाहीतर द्रावण गढूळ होऊन तळाशी साका बसतो. कोडॅकच्या एफ-५ मध्ये लीटरला २४० ग्रॅम हायपो, १५ ग्रॅम सल्फाइट, २८ टक्के अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड ४८ मिली, ७.५ ग्रॅम बोरिक अ‍ॅसिड आणि १५ ग्रॅम तुरटी असा हिशेब आहे.


माणदेशी (सांगोला)

काका, तुमचा अनुभव दांडगा आहे, तरी तुरटीच्या बाबतीत मी वेगळ्या मताचा आहे. आत्ताच्या फिल्मचं जिलेटिन कारखान्यातच कडक केलेलं असतं, २६-२८ अंशांना ते नीट टिकतं. आणि तुरटीने कडक झालेल्या जिलेटिनमधून हायपो सावकाश बाहेर पडतो. पाच-दहा-वीसची जी रीत वर लिहिली ती बिनतुरटीच्या हायपोसाठीच आहे. तुरटी घातली की धुण्याचा वेळ आणि पाणी दोन्ही वाढतं, आणि आमच्याकडे नेमकं तेच नसतं. पाणी ३० च्या खाली आणताच येत नसेल, तर मात्र मीही तुमचं ऐकेन.


जुना_स्टुडिओ (कराड)

पटलं. आमच्या वेळी विहीर दारात होती, पाण्याचा विचारच करावा लागला नाही. फिल्मही वेगळ्या होत्या. फोमापॅनसारखी फिल्म असेल तर ओली असताना बोटं सांभाळा, मला ती इल्फर्डपेक्षा नाजूक वाटते.


पाऊसवेडी (रत्नागिरी)

आमच्याकडे माठ उपयोगाचा नाही. हवेतच इतकं पाणी असतं की माठ पाझरतो पण गार होत नाही. मी फ्रिजमधली बाटली आणि नळाचं पाणी मिसळून तापमान जुळवते. कोकणातली खरी अडचण दमटपणाची आहे.

तिठा, घाम आणि अडकलेली फिल्म याला उपाय आहेत. चेंजिंग बॅग पावसाळ्यात आणि मेमध्ये बाजूला ठेवा. रात्री न्हाणीघरात दिवे बंद करा, दाराच्या फटीला जाड टॉवेल लावा, काळोखात दहा मिनिटं थांबून कुठून उजेड झिरपतोय का बघा. मोकळ्या हवेत हात घामेजत नाहीत. मात्र न्हाणीघर त्या संध्याकाळी कोणी वापरलेलं नको, भिंती ओल्या असल्या की पुन्हा तेच. प्लॅस्टिकचं रीळ हाडासारखं कोरडं हवं. आतल्या खाचेत एक थेंब जरी राहिला तरी फिल्म तिथे चिकटते. मी रीळ आधल्या दिवशी धुऊन पंख्याखाली ठेवते, चढवण्याआधी हेअर ड्रायर फिरवते.

आणि हे जरूर करा: फिल्मचं टोक कापताना दोन्ही कोपरे कात्रीने किंचित गोल करा. चौकोनी कोपरा रिळाच्या खाचेत रुततो, गोल कोपरा घसरत पुढे जातो. कापताना स्प्रॉकेटच्या भोकावर कात्री येऊ देऊ नका, अर्धवट भोकाचा दात तयार होतो आणि तोच अडकतो. अंधारात बोटाने भोकं चाचपता येतात. एखादा वाया गेलेला रोल घ्या, आधी उजेडात चढवा, मग डोळे मिटून, मग काळोखात. हाताला कळायला लागलं की बुद्धीचं काम उरत नाही.

वाळवायला पावसाळ्यात वेळ लागतो. पंखा नको, धूळ चिकटते. शेवटी डिस्टिल्ड पाण्यात वेटिंग एजंटचे (फिल्मवर पाण्याचे थेंब न राहता ओघळून जावेत म्हणून) दोन-चार थेंब टाकून बुडवा आणि खालच्या टोकाला वजनदार चिमटा लावून टांगा. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी चालतं. बोअरचं जड पाणी असेल तर ही पायरी टाळूच नका, नाहीतर वाळल्यावर चुन्याचे पांढरे डाग राहतात.


वऱ्हाडी_कट्टा (अकोला)

लय कामाचा धागा आहे. आमच्याकडे मेमध्ये हवाच ४५ ची असते, पण कूलरसमोर घमेलं ठेवलं की काम भागते.

रसायनं विकत घेण्याऐवजी घरी बनवायची असतील तर डी-२३ पासून सुरुवात करा. लीटरला दोनच पदार्थ: मेटॉल ७.५ ग्रॅम आणि निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम. ५० अंशांच्या आसपासचं ७५० मिली पाणी घ्यायचं, चिमूटभर सल्फाइट आधी, मग सगळं मेटॉल, ते पूर्ण विरघळलं की उरलेलं सल्फाइट, शेवटी पाणी घालून लीटर भरायचा. क्रम उलटा केला तर मेटॉल विरघळत नाही, तसंच तरंगत राहते. ०.१ ग्रॅम दाखवणारा वजनकाटा लागतो. डी-२३ चा स्वभाव मवाळ आहे. आमच्या भागातल्या रखरखीत उन्हात पांढरा शर्ट जळून न जाता त्याच्या चुण्या राहतात, म्हणून मला ते फार आवडते.

हातमोजे घाला. मेटॉलने काही लोकांच्या कातडीला पुरळ येते, आणि एकदा ती ॲलर्जी बसली की सुटत नाही.

साधा हायपोही घरी होतो: २५० ग्रॅम स्फटिक, पाणी घालून लीटर. गरम पाणी घ्या, कारण हायपो विरघळताना उष्णता शोषून घेते. कोमट पाण्यात टाकलं तर बाटली हातात बर्फासारखी गार पडते आणि अर्धा हायपो तळाशी बसून राहते. किती वेळ ठेवायचा त्यासाठी कापलेल्या टोकाचा तुकडा उजेडात हायपोत टाका, दुधी रंग जाऊन तो काचेसारखा पारदर्शक व्हायला किती वेळ लागतो ते मोजा. त्याच्या दुप्पट वेळ रोलला द्या. टी-मॅक्स, डेल्टा असल्या फिल्मना तिप्पट द्यायला हरकत नाही.


तिठा (डोंबिवली)

सगळ्यांचे आभार. रोल न्हाणीघरात पहिल्याच प्रयत्नात चढला, कोपऱ्याची युक्ती जबरदस्त आहे. पण निगेटिव्ह फार पातळ दिसतंय, फोटो आहेत पण फिकट. चूक कॅमेऱ्यात की टाकीत, हे कसं ओळखायचं?


जुना_स्टुडिओ (कराड)

कडेचे आकडे बघ. फिल्मच्या काठावर कंपनीचं नाव आणि फोटोंचे नंबर असतात, ते कारखान्यातच उजेड देऊन उमटवलेले असतात. तुझ्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी संबंध नाही. ते आकडे ठसठशीत काळे असतील आणि फोटोच पातळ असतील, तर उजेड कमी पडला, म्हणजे कॅमेऱ्याकडे बघ. आकडेही फिकट असतील तर डेव्हलपर कमी पडला: वेळ, तापमान किंवा मेलेलं द्रावण. आणि पूर्ण रोल दुधी, धुरकट असेल तर हायपो अपुरा आहे. ते मात्र अजून सुधारतं, परत ताज्या हायपोत घाल.


तिठा (डोंबिवली)

आकडे काळेकुट्ट आहेत. म्हणजे कॅमेरा. उजेड मोजणारा मीटर सगळीकडे आकाशच वाचत होता बहुतेक.


माणदेशी (सांगोला)

मग वारीचा विषय इथेच काढतो, कारण अडचण तीच आहे. आषाढात वर ढगाळ, उजळ आभाळ. खाली पांढरं धोतर, पांढरी टोपी, उन्हाने रापलेले चेहरे, खांद्यावर काळी घोंगडी. मीटरला सोडून दिलं तर तो आभाळ आणि धोतर सांभाळतो, आणि माणूस काळा ठिक्कर पडतो. निगेटिव्हवर सावलीत जे उमटलं नाही ते नंतर कोणत्याही डेव्हलपरने येत नाही. पांढरं मात्र थोडं जास्त झालं तरी एचपी५ सांभाळून घेते.

मी असं करतो: घोंगडीच्या घड्यांवर मीटर वाचायचा, आणि जो आकडा येईल त्याहून दोन स्टॉप कमी, म्हणजे चौथा हिस्सा उजेड द्यायचा. घोंगडी काळीच राहते, पण घडी न् घडी दिसते. चेहरे आपोआप जागेवर येतात. दिवे घाटात ढगांच्या सावलीत असाल तर पुढे नेहमीच्या वेळेला धुवा. लख्ख ऊन पडलं तर डेव्हलपरचा वेळ पंधरा टक्क्यांनी कमी करा, धोतराचा पोत शाबूत राहतो. ऊन आणि ढग एकाच रोलवर येऊ देऊ नका. शक्य असेल तर दोन कॅमेरे ठेवा.

रात्री मुक्कामाच्या ठिकाणी, भजनात, तंबूतल्या दिव्यात एचपी५ १६०० वर मारता येते, म्हणजे ४०० ऐवजी १६०० ची समजून कमी उजेडात वापरता येते. आयडी-११ न पातळ करता २० अंशाला १४ मिनिटं. दाणा ठसठशीत येतो, सावल्या बुजतात, पण कंदिलाच्या उजेडातल्या चेहऱ्याला ते शोभतं असं माझं मत.

रोल महाग पडतात ही तक्रार रास्त आहे. १०० फुटांचा डबा घेऊन बल्क लोडरने रिकाम्या काडतुसांत भरले तर ३६ चे साधारण १८ रोल होतात, एकेक घेण्यापेक्षा स्वस्त पडतं.


पाऊसवेडी (रत्नागिरी)

घोंगडीची युक्ती सोन्यासारखी आहे.

इथे एक आठवण करून द्यावीशी वाटते. १९१२ साली दादासाहेब फाळके विलायतेहून कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र घेऊन आले, तेव्हा दादरच्या त्यांच्या राहत्या घरात अंधारात बसून सरस्वतीबाई फाळके कच्च्या फिल्मला भोकं पाडत, रसायनं मिसळत आणि फिल्म धुवायलाही हातभार लावत. युनिटच्या माणसांचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच. मुंबईच्या उकाड्यात, घरातल्या पाण्यावर. घरी फिल्म धुण्याची आपल्याकडची परंपरा इथून मोजली पाहिजे, आणि ती एका बाईच्या हातांची आहे. भारतीय सिनेमाच्या इतिहासात त्यांचं नाव जेवढ्या वेळा यायला हवं तेवढं येत नाही.


जुना_स्टुडिओ (कराड)

अगदी बरोबर. आमच्याकडेही रिटचिंग आईच करायची. निगेटिव्ह काचेवर ठेवून मागून उजेड, आणि बारीक टोकाच्या पेन्सिलने चेहऱ्यावरचे वण, सुरकुत्या भरायच्या. निगेटिव्हवर पेन्सिल म्हणजे प्रिंटमध्ये उजळ, हे उलटं गणित तिच्या हातात मुरलेलं होतं. पाटीवर स्टुडिओचं नाव वडिलांचं.

कागद उटीहून यायचा, हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा इंदू. १९६० साली स्थापन झालेली सरकारी कंपनी, एक्स-रे फिल्मही तिथेच व्हायची. ती बंद पडली याचं वाईट वाटतं. आज हौसेने रोल धुणाऱ्या प्रत्येकाला फिल्म बाहेरून मागवावी लागते.


उत्तररंग (म्युनिक)

भारतात येताना मित्रांसाठी रोल आणतो, म्हणून विमानतळाबद्दल लिहितो. चेक-इन बॅगेत फिल्म कधीच टाकू नका, तिथलं स्कॅनिंग जास्त तीव्र असतं. हातातल्या बॅगेसाठी काही विमानतळांवर आता सीटी स्कॅनर आले आहेत, त्यातून एकदा गेली तरी फिल्मवर धुकं येऊ शकतं. रोल डब्यांतून काढून पारदर्शक पिशवीत ठेवा आणि हाताने तपासायची विनंती करा. जुन्या पद्धतीचं एक्स-रे यंत्र असेल तर ४०० ची फिल्म एक-दोनदा गेल्याने बिघडत नाही.

शिवाय एक प्रश्न: तिकडे कॉफीवर रोल धुतलाय का कोणी?


वऱ्हाडी_कट्टा (अकोला)

हो, कॅफेनॉल. रॉचेस्टरच्या तंत्रज्ञान संस्थेत १९९५ साली एका वर्गात हा प्रयोग झाला, पुढे लोकांनी त्यात व्हिटॅमिन सी मिळवलं. लीटरला निर्जल धुण्याचा सोडा ५४ ग्रॅम, व्हिटॅमिन सी १६ ग्रॅम, इन्स्टंट कॉफी ४० ग्रॅम, २० अंशाला १५ मिनिटं. आपल्याकडे दोन ठिकाणी घोटाळा होतो. आपल्या कित्येक इन्स्टंट कॉफ्यांत चिकोरी मिसळलेली असते, म्हणून डब्यावर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा, शुद्ध कॉफीच घ्या, स्वस्त रोबस्टा उत्तम. आणि धुण्याचा सोडा वेगळा, खाण्याचा वेगळा. खाण्याच्या सोड्याने काही होत नाही. वास उग्र येतो, निगेटिव्हवर पिवळसर झाक राहते, पण फोटो पक्के येतात. महत्त्वाच्या रोलसाठी मी वापरणार नाही.


तिठा (डोंबिवली)

शेवटचा प्रश्न. वापरलेला हायपो मोरीत ओतला तर चालेल का?


जुना_स्टुडिओ (कराड)

नको. त्यात फिल्ममधून उतरलेली चांदी असते. ती शोषखड्ड्यात, विहिरीच्या जवळ किंवा झाडाच्या मुळाशी जाता कामा नये. वेगळ्या कॅनमध्ये साठव. एक्स-रे वाल्यांकडून हायपो नेऊन चांदी काढणारे लोक बऱ्याच शहरांत असतात, तुमच्याकडच्या जुन्या एक्स-रे सेंटरमध्ये चौकशी कर. ते जमलं नाही तर कॅनमध्ये तेल नसलेला लोखंडी काथ्या टाकून काही दिवस ठेव, लोखंड विरघळून चांदी काळ्या गाळासारखी खाली बसते.

आणि कोणतंही रसायन कोल्ड्रिंकच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नकोस, घरात लहान मूल असो वा नसो. तपकिरी बाटल्या घे, वर मोठ्या अक्षरात नाव आणि बनवल्याची तारीख लिही. डी-७६ भरलेल्या बंद बाटलीत सहा महिने टिकतं, अर्ध्या बाटलीत दोनच, आणि आपल्या उन्हाळ्यात त्याहून कमी. तारीख नसली तर कोणतं मेलं ते कळत नाही.


तिठा (डोंबिवली)

धन्यवाद काका. लेबलं आत्ताच लावतो. पुढचा रोल घोंगडीवाल्या पद्धतीने मीटर करून धुतला की इथेच टाकतो, कडेच्या आकड्यांसकट.